चित्राचे नाव आणि स्थळाचे नाव : ‘शियाओ-शियांगची अष्टदृश्ये’

चिनी परंपरेत निसर्गचित्रास ‘शान-श्वे’ म्हणजे ‘गिरि-जल’ अशी संज्ञा आहे. या परंपरेतील प्रसिद्ध स्थळांच्या चित्रांविषयी सामान्यतः असे गृहीत धरले जाते की, रमणीय स्थळ आधी असते, चित्रकार ते रेखाटतो आणि अखेरीस चित्रास नाव मिळते. ‘शियाओ-शियांगची अष्टदृश्ये’ या विषयाचा इतिहास पाहता हा क्रम पुष्कळदा उलटा असल्याचे आढळते.

शियाओ नदी आजच्या हुनान प्रांताच्या दक्षिण भागात शियांग नदीस मिळते व तो प्रवाह पुढे उत्तरेस दोंगतिंग सरोवरात जातो. राजधानीपासून दूर असलेला हा पाणथळ मुलूख राजाच्या रोषास पात्र झालेल्यांचा म्हणून ओळखला जाई. प्राचीन कवी च्यू युआन याच्या हद्दपारीची स्मृती याच प्रदेशाशी निगडित आहे. थांग काळातील लेखक ल्यू त्सुंगयुआन यास इ. स. ८०५ ते ८१५ ही वर्षे संगमाजवळील युंगचौ येथे कंठावी लागली. अकराव्या शतकात सुंग दी या अधिकारी-चित्रकाराने या प्रदेशाची आठ दृश्ये रेखाटली. मूळ चित्रे आज उपलब्ध नाहीत. परंतु समकालीन विद्वान शेन कुओ याने त्यांची शीर्षके नोंदवून ठेवली आहेत.

या शीर्षकांची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. प्रत्येक शीर्षक चार अक्षरांचे असून त्याचे दोन-दोन अक्षरांचे दोन खंड पडतात. पहिला खंड बहुधा स्थान सांगतो. दुसरा वेळ, ऋतू अथवा क्रिया सांगतो. ‘सपाट वाळूवर उतरणारे रानहंस’ आणि ‘दूरच्या किनाऱ्याकडे परतणारी शिडे’ अशा लगतच्या शीर्षकांची जोडी काव्यातील समतोल चरणांसारखी जुळते. या आठांपैकी विशेषनाम केवळ दोहोंत आहे : ‘दोंगतिंगवरील शरदाचा चंद्र’ आणि ‘शियाओ-शियांगवरील रात्रीचा पाऊस’. उरलेल्या सहांत वाळू, किनारा, डोंगरी बाजार, नदी, विहार, कोळ्यांचे गाव अशी सामान्यनामेच आहेत. अर्थात ही दृश्ये हुनानबाहेर कोठेही नेता येण्यासारखी होती.

तशी ती नेलीही गेली. जपानमध्ये बिवा सरोवराकाठी ‘ओमीची अष्टदृश्ये’ निश्चित झाली, तेव्हा चंद्र, पाऊस, घंटा, हिम इत्यादी उत्तरखंड तेच राहिले. पूर्वखंडात मात्र इशियामा, कारासाकी, मिई अशी स्थानिक नावे बसविण्यात आली. आठही शीर्षके विशेषनामयुक्त झाली. साचा आधी आला आणि त्यात बसतील अशी स्थळे मागाहून शोधली गेली.

हांगचौ येथील पश्चिम सरोवराच्या ‘दशदृश्यां’चा इतिहासही याच दिशेने जातो. दक्षिण सुंग काळात रूढ झालेली ही चतुरक्षरी शीर्षके चित्रकारांच्या वर्तुळातून आली. ‘शांत सरोवरावरील शरदाचा चंद्र’ या दृश्यास तेव्हा ठराविक जागा नव्हती. नावेतून कोठूनही ते पाहता येई. इ. स. १६९९ मध्ये कांगशी सम्राटाने दहाही शीर्षके स्वहस्ते लिहिली, ती शिलांवर कोरली गेली आणि प्रत्येक दृश्यास एक जागा मिळाली. चित्राचे शीर्षक अशा रीतीने स्थलनाम बनले, तेही राजाज्ञेच्या बळावर.

या दशदृश्यांपैकी एक, लेइफंग मनोऱ्यावरील मावळते ऊन. मनोरा २५ सप्टेंबर १९२४ रोजी कोसळला. लू शुन याने त्यावर लिहिताना, प्रत्येक गावास आठ किंवा दहा दृश्ये हवीतच, या वृत्तीस एक रोगच म्हटले. मनोरा पुन्हा उभा राहिला तो २००२ मध्ये. मधल्या काळात वास्तू नव्हती, नाव मात्र टिकून होते.

या टिकाऊपणाची किंमतही ध्यानात घेतली पाहिजे. ‘रात्रीचा पाऊस’ हुनानमध्ये हद्दपारांच्या एकाकीपणाची आठवण देत होता. कारासाकीस पोहोचल्यावर तो सुंदर पाऊस तेवढा उरला. साच्याबरोबर सौंदर्य प्रवास करते, इतिहास मागे राहतो. म्हणून अशा चित्रांच्या अभ्यासकाने चित्रातील स्थळ ओळखण्यावर संतुष्ट न राहता, ते नाव त्या स्थळास केव्हा चिकटले, कोणाच्या अधिकाराने चिकटले आणि त्यापायी कोणता अर्थ गळून पडला, हेही तपासणे आवश्यक ठरते.