न दिसणाऱ्या छिद्राचा शोध

फेब्रुवारी १९५२, फिलाडेल्फिया. पंधरा महिन्यांच्या एका बालिकेला जॉन गिबन यांच्या हृदय-फुप्फुस यंत्रावर घेण्यात आले. निदान होते हृदयाच्या वरच्या दोन कर्णिकांमधील पडद्यात जन्मजात छिद्र. गिबन यांनी उजवी कर्णिका उघडली. छिद्र तेथे नव्हतेच! बालिका दगावली. शवविच्छेदनात दोष निराळाच निघाला: महारोहिणी व फुप्फुसधमनी यांना जोडणारी, जन्मानंतर मिटून जाणारी वाहिनी उघडीच राहिली होती.

गिबन यांना दोष देण्यापूर्वी तो काळ पाहा. छातीची क्ष-किरण प्रतिमा हृदयाची केवळ सावली दाखवी. १९२९ साली वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टराने स्वतःच्याच हृदयात नळी सरकवली होती. पुढे त्याच मार्गाने रक्ताचे नमुने घेता येऊ लागले. महाशिरेपेक्षा उजव्या कर्णिकेतील रक्तात प्राणवायू अधिक आढळला, तर डावीकडचे शुद्ध रक्त पडद्यातून झिरपते आहे, असे मानायचे. म्हणजे तर्क, दर्शन नव्हे.

त्याच वर्षी २ सप्टेंबरला मिनेसोटात जॉन लुइस यांनी पाच वर्षांच्या मुलीचे शरीर थंड करून असे छिद्र शिवले. ६ मे १९५३ रोजी गिबनही यशस्वी झाले. रुग्ण अठरा वर्षांची तरुणी, यंत्राचा आधार २६ मिनिटे. परंतु जुलैत आणखी दोन मुली दगावल्या आणि त्यांनी ते यंत्र पुन्हा कधी वापरले नाही.

आणि त्याच १९५३ मध्ये, स्वीडनमधील लुंड येथे, इंगे एडलर हा हृदयवैद्य आणि हेल्मुट हर्ट्झ हा भौतिकशास्त्रज्ञ धातूतील तडे शोधणारे ध्वनियंत्र माणसाच्या छातीवर टेकवत होते. यंत्र सीमेन्सकडून उसने आणलेले. (हेल्मुटचे वडील गुस्ताव हर्ट्झ, नोबेलविजेते, कधीकाळी त्याच कंपनीत संशोधन करीत, ओळख कामी आली.) २९ ऑक्टोबरला हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद उमटली. एडलर यांना झडप पाहायची होती, पडदा नव्हे. आणि दिसली ती नुसती नागमोडी रेषा.

द्विमितीय चित्र १९७० च्या दशकात रुळले, रंगीत डॉप्लर १९८० च्या. आता बाळाच्या बरगड्यांखाली शोधक टेकवला, की पडद्यातील खंड आणि त्यातून शोधकाकडे धावणारे रक्त लाल रंगात दिसते. बाळाला टाचणीही टोचावी लागत नाही.