शिरूर ते दौंड : एका आंखणीच्या निमित्तानें

यंदा पावसाळा सरल्यावर आम्हीं कांहीं मित्रांनीं एक बेत योजिला. चार जीपगाड्या, अकरा माणसें व तीन दिवस. शिरूराहून निघून कुकडीच्या पात्रांतील टाकळी हाजीचीं कुंडें पाहावयाचीं, तेथून घोड नदीच्या आश्रयानें भीमेकडे उतरावयाचें, आणि दौंड गांठून समोरच्या तीरावरील पेडगांवचा बहादूरगड पाहून परतावयाचें. डांबरी सडक होतां होईल तों टाळावयाची, एवढीच काय ती अट. अमेरिकेंतील वाळवंटी दऱ्यांतून असे तांडे नेण्याचा मोठा शौक आहे. आमच्याकडे तसलें वाळवंट नाहीं. पण सह्याद्रीनें पाऊस अडविल्यावर मागें उरतो तो हा उघडा, खडकाळ मुलूख आहे, आणि नद्यांनीं त्याला जागोजाग चिरलें आहे. हौस भागविण्यास तेवढें पुरे, असें आम्हांस वाटलें.

आंखणीसाठीं पहिली बैठक शिरूर येथेंच एका स्नेह्यांच्या माडीवर भरली. नकाशा पसरला, आणि गाड्यांपेक्षां इतिहासाचीच चर्चा अधिक झाली. त्याला कारणही होतें. या मुलुखांतून माणसें व जनावरें कशीं न्यावीं, हा प्रश्न आमच्यापूर्वीं पुष्कळांना पडून गेला आहे, व त्यांपैकीं कित्येकांच्या बाबतींत तो जिवाचा प्रश्न होता.

इ. स. १८०३ सालीं आर्थर वेलस्ली (पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आलेला) पुण्यास आला, व त्याच वर्षीं १२ ऑगस्ट रोजीं त्यानें अहमदनगरचा किल्ला घेतला. या स्वारीचीं त्याचीं पत्रें चाळावीं तों तोफांपेक्षां बैलांचाच पाढा अधिक! म्हैसूरकडील चपळ बैल, त्यांचा दाणावैरण, त्यांना हांकणारीं माणसें, आणि नद्या उतरण्यासाठीं कातडें मढविलेल्या वेताच्या टोपल्यांच्या नावा, हा सर्व सरंजाम त्यानें अगोदर जुळविला. त्याचा हिशेब उलटा पण अचूक होता. पावसाळ्यांत नद्या भरल्या म्हणजे मराठ्यांच्या घोडदळाला उतार मिळत नाहीं. ज्याच्यापाशीं नावा आहेत त्याला मात्र तीच नदी साह्यकारी होते. आपल्याकडील सरदारांना हा मुलूख तळहाताप्रमाणें ठाऊक होता. परक्यानें तो कागदावर उतरून घेतला. वाईट वाटतें तें एवढ्यासाठीं.

पुढें शिरूर येथें इंग्रजांची छावणीच पडली. तेथें १८०९ सालीं मरण पावलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्यास गांवकरी सत्पुरुषाचें स्थान मानूं लागले व सुगीचा नैवेद्यही दाखवूं लागले. शत्रूलाही देवपण देण्याइतकें मन मोठें असणें ही आमची खोड म्हणावी कीं गुण, हें वाचकांनींच ठरवावें.

याच छावणींतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टॉन्टन पुण्याच्या मदतीस निघाला. त्याच्याबरोबर सुमारें ५०० पायदळ शिपाई, २५० ते ३०० स्वार व दोन तोफा होत्या. पायदळांत महार शिपायांचा भरणा मोठा होता. सुमारें सत्तावीस मैल रात्रभर चालून सकाळीं हे लोक कोरेगांवाजवळ येतात, तों भीमेपलीकडे पेशव्यांचें अफाट सैन्य पसरलेलें! लढाईच्या निकालाविषयींचा वाद येथें उकरून काढण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचें लक्ष वेधलें तें पाण्याकडे. भीमा हांकेच्या अंतरावर वाहत होती. पण तिची वाट शत्रूनें रोखली होती. रात्रभर चालून आलेलीं हीं माणसें दिवसभर अन्नावांचून व पाण्यावांचून लढलीं, आणि पाण्याचा घोट मिळाला तो अंधार पडल्यावर. तेथील जयस्तंभावर कोरलेलीं नांवें वाचतांना त्या दिवसाची तहान आठवली नाहीं, तर वाचणें व्यर्थ होय.

हा प्रसंग बैठकींत निघाला आणि यादींतील पाण्याचा आंकडा आम्हीं मुकाट्यानें दुप्पट केला.

पेडगांवची गोष्ट निराळी. बहादूरखानानें सतराव्या शतकांत भीमेच्या कांठीं हा कोट बांधिला. नदीचें पाणी चढवून आंत खेळविण्याची त्यानें केलेली योजना, जिला लोक हत्तीमोट म्हणतात, तिचे अवशेष अद्याप उभे आहेत. ज्या कोटाच्या धन्यानें पाण्याची एवढी तजवीज केली, त्याच कोटांत १६८९ सालीं छत्रपति संभाजी महाराजांना कैद करून आणिलें गेलें. आमच्यापैकीं एका वडील गृहस्थांनीं एवढेंच सांगितलें कीं, तेथें गाड्यांचे भोंगे वाजतां कामा नयेत. त्यावर मतभेद झाला नाहीं.

मतभेद झाला तो दुसरीकडे. दोघां तरुणांचें म्हणणें असें कीं, संगमापाशीं दोन गाड्यांनीं पात्रांतून पलीकडे जावें, बाकीच्यांनीं पुलावरून यावें, आणि दौंडास सर्वांनीं मिळावें. तेव्हां आम्हांस जॉन वेस्ली पॉवेल आठवला. यादवी युद्धांत एक हात गमावलेल्या या माणसानें १८६९ च्या मे महिन्यांत नऊ सोबत्यांसह चार होड्या घेऊन कोलोरॅडो नदीच्या अज्ञात दऱ्यांत प्रवेश केला. दहा महिन्यांची शिधासामग्री घेतली होती. पण आरंभींच एक होडी फुटून तिच्याबरोबर पुष्कळसें धान्य बुडालें. एक गडी वाटेंतच सोडून गेला. ऑगस्टअखेर एका भयंकर धबधब्यापुढें तिघे म्हणाले, आतां पुरे, आम्ही कडा चढून जमिनीवरून जातों. २८ ऑगस्टला ते निघून गेले. नदीनें गेलेले सहा जण दोनच दिवसांनीं सुखरूप बाहेर पडले. ते तिघे मात्र मारले गेले. त्यांचा निर्णय मूर्खपणाचा होता, असें आम्हांस वाटत नाहीं. त्या कांठावर उभें राहून कोणालाही कडाच बरा वाटला असता. दोन दिवस तेवढे कोणाच्या हिशेबांत नव्हते.

तरुण ऐकून राहिले, पण पटलें नाहीं. शेवटीं घोडकांठच्या एका शेतकऱ्यास विचारलें. तो हंसून म्हणाला, "पात्रात गाडी घालायचीच असंल तर आधी धरणावर विचारा, पाणी कधी सोडत्यात. पाणी काय तुमचा नकाशा बघून येत न्हाई." इतिहासानें जें साधलें नाहीं, तें या एका वाक्यानें साधलें.

कुंडांचा प्रश्न उरला. कुकडीच्या प्रवाहांतील गोट्यांनीं भोंवऱ्याबरोबर गरगर फिरून काळ्या कातळांत हे रांजणखळगे कोरले आहेत. त्याला किती सहस्र वर्षें लागलीं असतील, याची कल्पनाच करावी. कांठच्या मळगंगेला दोन्ही तीरांवरील लोक भजतात. कोरड्या दिवसांत त्या कातळावर चाक चढविणें शक्य आहे असें कोणी म्हणालें, शक्य असेलही. गाड्या गांवाच्या बाजूलाच उभ्या कराव्या व पुढें पायीं जावें, असें सात विरुद्ध चार मतांनीं ठरलें.

यादी आतां भिंतीवर टांगली आहे. निघण्याची वेळ पहांटे पांच. चारही गाड्या एकाच वाटेनें. विरुद्ध मत देणाऱ्या चौघांपैकीं एकाकडे पाण्याच्या पिंपांचें काम सोंपविलें आहे, आणि त्यानें कालच आणखी दोन पिंपें मागविलीं.