खर्ड्याच्या लढाईतील सैन्यरचना

मराठे व हैदराबादचा निजाम यांच्यात ११ मार्च १७९५ रोजी खर्डे (खर्डा) येथे झालेल्या इतिहासप्रसिद्ध लढाईतील उभय पक्षांच्या फौजांची घडण आणि नेतृत्व. खर्डे हे गाव अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगांच्या पायथ्याशी आहे. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुका आणि धाराशिव जिल्ह्यातील परांडा ही त्याच्या दक्षिणेकडील शेजारची क्षेत्रे होत. करमाळा तालुक्यातील जेऊर या रेल्वेस्थानकाच्या गावापासून खर्डे ईशान्येस, सरळ रेषेत सु. ५० किमी. अंतरावर आहे. हा टापू अठराव्या शतकात पेशवे व निजाम यांच्या सरहद्दीचा मुलूख होता. करमाळा व खर्डे ही दोन्ही ठाणी निजामाच्या सेवेतील निंबाळकर घराण्याकडे होती आणि खर्ड्याचा भुईकोट किल्लाही याच घराण्याने बांधला.

पार्श्वभूमी : चौथ व सरदेशमुखी यांच्या थकबाकीवरून पुणे व हैदराबाद या दरबारांत दीर्घकाळ वाद चालू होता. मराठ्यांच्या हिशोबाप्रमाणे ही बाकी सु. २ कोटी ६० लाख रुपये होती. टिपूविरुद्धच्या युद्धात (१७९०–९२) पेशवे, निजाम व इंग्रज एकत्र होते. त्यामुळे तोपर्यंत हा तंटा मागे पडला. युद्ध संपताच मराठ्यांचा वकील गोविंदराव काळे याने हैदराबाद दरबारी मागणी पुन्हा लावून धरली. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क याने तिला उद्दामपणे उत्तर दिले. आपणास इंग्रजांचे साहाय्य मिळेल अशी निजामाची अपेक्षा होती. तथापि गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने तटस्थतेचे धोरण स्वीकारले. निजामाच्या पदरी इंग्रजांच्या दोन पलटणी होत्या. त्यांनाही मराठ्यांविरुद्ध लढण्याची मुभा देण्यात आली नाही.

मराठी फौजेची रचना : खर्ड्यास जमलेले मराठी सैन्य एकसंध नव्हते, ते एका राज्यमंडळातील अनेक सत्ताधाऱ्यांच्या फौजांचे संमीलन होते. ग्रँट डफच्या अंदाजाप्रमाणे घोडदळ व पायदळ मिळून ते १,३०,००० हून अधिक होते आणि सु. १०,००० पिंढारी त्याहून वेगळे होते. यांपैकी निम्म्याच्या आसपास सैन्य पेशव्यांच्या खजिन्यातून पगार घेणारे किंवा त्यांच्या प्रत्यक्ष हुकमतीखालील सरंजामदारांचे होते. उरलेले शिंदे, भोसले, होळकर इत्यादिकांचे होते.

पेशव्यांच्या स्वतःच्या फौजेस हुजुरात म्हणत. तिच्यात सरकारी घोडा व शस्त्रे घेऊन लढणारे बारगीर आणि स्वतःचा घोडा बाळगणारे शिलेदार असे दोन प्रमुख वर्ग होते. याशिवाय एकांडे स्वार, गारदी पायदळ आणि पानसे घराण्याच्या देखरेखीखालील तोफखाना यांचाही हुजुरातीस आधार असे. हरिपंत फडके १७९४ मध्ये मृत्यू पावल्यामुळे हुजुरातीच्या फौजेचे नेतृत्व त्याचा मुलगा बाबा फडके याजकडे आले होते. पटवर्धनादी सरंजामदार आपापली पथके घेऊन येत. सरंजामाच्या उत्पन्नातून ठराविक स्वार पोसणे, हे त्यांचे कर्तव्य होते. या पथकांची निष्ठा पहिल्याने आपल्या सरदाराशी व त्याच्यामार्फत पेशव्यांशी असे.

शिंद्यांची फौज सर्वांत प्रबळ होती. महादजी शिंदे फेब्रुवारी १७९४ मध्ये निवर्तले आणि त्यांच्या गादीवर आलेले दौलतराव अल्पवयीन होते. त्यामुळे प्रत्यक्ष कारभार जिवबादादा बक्षी पाहत होता. शिंद्यांचे बरेचसे सैन्य उत्तर हिंदुस्थान व माळवा यांत राहिले असूनही सु. २५,००० लोक खर्ड्यास आले. त्यांत सु. १०,००० कवायती पायदळ होते व त्याचा सेनानी पेराँ हा फ्रेंच अधिकारी होता. महादजींच्या सेवेतील सॅव्हॉयचा द बॉइन याने ही कवायती फौज उभारली होती. तिच्या ब्रिगेडीस कंपू व त्यातील घटकास पलटण म्हणत. प्रत्येक पलटणीबरोबर स्वतःच्या तोफा असत, शिपायांना ठराविक रोख वेतन मिळे आणि त्यासाठी दोआबातील मुलूख तोडून दिलेला होता.

नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांनी सु. १५,००० घोडदळ व पायदळ आणले; त्यांच्याकडील बाणांचा मारा या लढाईत विशेष उपयोगी पडला. तुकोजी होळकर सु. १०,००० लोकांनिशी आले. त्यांत दुद्रनेक या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाताखालील सु. २,००० कवायती पायदळ होते. पिंढारीही बहुतेक होळकरांच्याच अनुयायांपैकी होते. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की १७९३ मध्ये लाखेरी येथे शिंद्यांच्या कंपूने याच दुद्रनेकच्या पलटणींचा धुव्वा उडविला होता. परस्परांवर तोफा डागलेल्या या दोन फौजा दोन वर्षांच्या आत एका निशाणाखाली उभ्या राहिल्या.

नेतृत्व व समन्वय : अशा सैन्याला कायमचा सरसेनापती नव्हता व समान कवायतही नव्हती, एकच कोश नव्हता आणि पुरवठ्याची एकत्र व्यवस्थाही नव्हती. प्रत्येक सरदाराचा बाजार, दाणागोटा व हिशोब स्वतंत्र असे. जानेवारी १७९५ मध्ये वीस वर्षांचे सवाई माधवराव पेशवे पुण्याहून निघाले, तेव्हा चाऱ्याच्या सोयीसाठी फौजा निरनिराळ्या मार्गांनी चालत होत्या. त्यांना एकत्र आणण्याचे श्रेय मुख्यतः नाना फडणीस यांच्या मुत्सद्देगिरीस आहे. प्रत्येक सत्ताधीशाचे हितसंबंध सांभाळून नानांनी सर्वांना मोहिमेत सामील करून घेतले आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांस सेनापती नेमले. परशुरामभाऊंचा अनुभव व या मुलखाची त्यांना असलेली माहिती यांमुळे ही निवड सर्वांना मान्य झाली. याचा अर्थ असा, की सैन्याचे ऐक्य संस्थेवर आधारलेले नव्हते. पेशवेपदाची प्रतिष्ठा, नानांचे चातुर्य व सेनापतीविषयीचा आदर या व्यक्तिनिष्ठ गोष्टींवर ते उभे होते.

निजामाच्या फौजेची रचना : निजाम अलीखान (कार. १७६२–१८०३) याचे सैन्य ग्रँट डफच्या मते एकूण १,१०,००० होते. त्यात अमीर-उमरावांच्या स्वारांची पथके, कर्नूलकडील पठाण आणि असद अलीखानाच्या हाताखालील घोडदळ यांचा भरणा होता. जनान्याच्या रक्षणासाठी शस्त्रधारी स्त्रियांच्या पलटणी असत. या सैन्याचा कणा मात्र फ्रेंच सेनानी रेमाँ याने तयार केलेले कवायती पायदळ हा होता. लहानशा तुकडीपासून आरंभ करून रेमाँने थोड्याच वर्षांत ही फौज दहा हजारांवर नेली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिच्यावर फ्रेंच प्रजासत्ताकाचा तिरंगी ध्वज फडकत असे. खर्ड्याच्या मैदानावर अशा रीतीने शिंदे, होळकर व निजाम या तिघांचेही कवायती पायदळ फ्रेंच सेनानींच्या हाताखाली होते.

निजामाची सत्ता एकछत्री असल्याने वरकरणी त्याची फौज मराठ्यांहून अधिक एकजीव दिसते. प्रत्यक्षात निजाम स्वतः रणांगणावर उपस्थित, दिवाण सर्वाधिकारी आणि रेमाँ केवळ आज्ञाधारक सेनानी असल्यामुळे लढाईतील निर्णय लष्करी दृष्टी नसलेल्यांच्या हाती राहिले.

लढाई : निजाम मांजरा खोऱ्यातून येऊन मोहरीच्या घाटाने खाली उतरला. ११ मार्च रोजी त्याचे सैन्य खर्ड्याहून परांड्याच्या दिशेने निघाले असता मराठ्यांनी त्यावर चाल केली. टेहळणीसाठी पुढे गेलेल्या परशुरामभाऊंवर पठाणांनी हल्ला केला व त्यात ते जखमी झाले. पहिल्या चकमकीत पेशव्यांच्या आघाडीच्या पथकांत गोंधळ माजला; ती सावरण्यात जिवबादादा बक्षीचा वाटा मोठा होता. त्यानंतर असद अलीखानाचे घोडदळ पुढे सरसावले. त्यावर भोसल्यांच्या बाणांचा वर्षाव झाला आणि त्याच वेळी पेराँने उंचवट्यावर मोक्याच्या जागी मांडलेल्या ३५ तोफांनी मारा सुरू केला. या मिलाफापुढे घोडदळ टिकले नाही. रेमाँच्या पलटणी मात्र ठाम उभ्या होत्या; पेराँच्या पायदळावर त्यांनी काहीशी सरशीही मिळविली होती. इतक्यात निजामाने माघार घेतली व रेमाँसही वारंवार निकडीचे हुकूम पाठवून मागे बोलाविले. रात्री पाण्यासाठी ओढ्यावर आलेल्या एका मराठी टोळीमुळे गोळीबार होऊन निजामाच्या छावणीत घबराट पसरली. सैन्य विस्कळीत झाले, सामानसुमान व तोफा मागे राहिल्या आणि निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला. डोंगरांनी वेढलेल्या त्या जागी पाण्याची टंचाई व भोवतालून होणारा तोफांचा मारा यांमुळे त्याला थोड्याच दिवसांत तहाची याचना करावी लागली. प्रत्यक्ष लढाईत प्राणहानी फारच थोडी झाली.

तहान्वये परांड्यापासून तापीपर्यंतचा सरहद्दीचा मुलूख व दौलताबादचा किल्ला निजामाने देऊ केला. थकबाकी व युद्धखर्चापोटी तीन कोटी रुपये देण्याचे कबूल करून मुशीरुल्मुल्क यास त्याने मराठ्यांच्या स्वाधीन केले. भोसल्यांची थकबाकी व मुलूख यांसंबंधी स्वतंत्र कलम होते. हीदेखील या संयुक्त फौजेच्या घडणीचीच खूण होय.

मूल्यमापन : संयुक्त फौजांचा हा प्रश्न केवळ मराठ्यांचा नव्हता. क्रांतिकारक फ्रान्सविरुद्ध १७९९ मध्ये इटलीत लढणाऱ्या ऑस्ट्रियन व रशियन सैन्यांचे नेतृत्व सुव्हॉरॉव्ह या रशियन सेनापतीकडे होते; पण व्हिएन्नाचे आदेश व रशियन सेनापतीचे बेत यांत सतत ओढाताण चाले. ट्रेबिया व नोव्ही येथे विजय मिळूनही पुढे दोन्ही सैन्ये अलग झाली, सप्टेंबरमध्ये झुरिक येथे रशियनांचा पराभव झाला आणि ती आघाडी मोडली. विजय मिळेपर्यंत टिकणारे ऐक्य विजयानंतर टिकविण्यास समान संस्था लागतात, हा धडा दोन्ही प्रसंगांतून मिळतो.

खर्ड्यानंतरच्या घडामोडींनी हे स्पष्ट केले. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव मृत्यू पावले आणि वारसाच्या तंट्यात नाना, परशुरामभाऊ व दौलतराव परस्परविरोधी झाले. निजामाचा पाठिंबा मिळविण्यासाठी ऑक्टोबर १७९६ मध्ये महाड येथे झालेल्या करारात नानांना खर्ड्याच्या लाभाचा बराच भाग सोडून द्यावा लागला. सर्व प्रमुख मराठे सरदार पेशव्यांच्या निशाणाखाली एकत्र आल्याचा खर्डे हा अखेरचा प्रसंग ठरला. १८०३ मध्ये असई येथे शिंदे व भोसले इंग्रजांशी लढले, तेव्हा होळकर अलिप्त राहिले. त्याच वर्षी शिंद्यांच्या कंपूंतील अनेक यूरोपीय अधिकाऱ्यांनी सेवा सोडली. पेराँही इंग्रजांच्या आश्रयास गेला. पलटणी व तोफा कितीही उत्तम असल्या, तरी त्यांचे अधिकारी राज्याशी बांधलेले नव्हते, हा या पद्धतीतील दुसरा दोष त्यावेळी उघड झाला.

निजामाने याच पराभवातून वेगळा निष्कर्ष काढला. इंग्रजांनी साहाय्य नाकारल्याचा राग मनात धरून त्याने प्रथम रेमाँची फौज वाढविली. मात्र मार्च १७९८ मध्ये रेमाँ मरण पावला. त्याच वर्षीच्या तैनाती फौजेच्या कराराप्रमाणे ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी त्याच्या सु. १४,००० शिपायांना निःशस्त्र केले. खर्ड्यास उभय पक्षांनी उभी केलेली कवायती सेना अशा रीतीने दहा वर्षांच्या आत नाहीशी झाली. मराठ्यांजवळ शौर्य, कवायत व तोफा या तिन्ही गोष्टी होत्या. त्यांना एका सूत्रात बांधणारी स्थायी लष्करी संस्था मात्र ते निर्माण करू शकले नाहीत, हेच खर्ड्याच्या सैन्यरचनेच्या अभ्यासातून प्रकर्षाने जाणवते.