मक्तेदारी : छेदात काय धरायचे?

मक्ता हा आपल्याकडचा जुना शब्द. सरकारने ठराविक रक्कम घेऊन एखाद्याला करवसुलीचा किंवा विक्रीचा हक्क दिला, की तो मक्तेदार. कागद दाखवला की वाद संपला. पण कागदच नसेल तर? अमेरिकेने १८९० साली शेर्मन कायद्याने मक्तेदारी करणे गुन्हा ठरवले, पण तिची व्याख्या दिली नाही. ते काम न्यायालयांवर आले. आणि तिथे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांच्या ओळखीचा प्रश्न उभा राहिला : ‘एकटा’ म्हणजे कशात एकटा?

ड्यू पॉन्ट कंपनीचे उदाहरण बघा. अमेरिकेत खपणाऱ्या सेलोफेनपैकी जवळजवळ ७५ टक्के तिचे. कंपनी म्हणाली, मेणकागद, फॉइल हीसुद्धा वेष्टनेच की! त्या सगळ्यांत सेलोफेन २० टक्क्यांहूनही कमी. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानले. कंपनी तीच, फक्त छेद बदलला.

यात एक खोच आहे. मक्तेदार भाव कुठवर चढवतो? गिऱ्हाईक दुसरीकडे वळू लागेपर्यंत. त्या टोकाला पोचल्यावर मेणकागदही पर्याय वाटणारच! अर्थशास्त्रात याला ‘सेलोफेन तर्कदोष’ असे नावच पडले.

१९९७मध्ये उलटे घडले. स्टेपल्स आणि ऑफिस डेपो या स्टेशनरीच्या दुकानसाखळ्या एक होऊ पाहत होत्या. एकूण बाजारात दोघींचा वाटा मिळून जेमतेम साडेपाच टक्के. पण जिथे स्टेपल्स ही एकच मोठी साखळी होती, तिथले तिचे भाव तिन्ही साखळ्या असलेल्या शहरांपेक्षा १३ टक्क्यांनी जास्त होते. मोठ्या साखळ्यांचा बाजार वेगळा धरून न्यायालयाने विलीनीकरण रोखले.

आपल्याकडे २०२२मध्ये स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हाही आधी हाच प्रश्न सोडवावा लागला. ॲपलची स्पर्धा आहेच की, असे गुगलचे म्हणणे. पण ॲपल आपली प्रणाली दुसऱ्या कोणाला देतच नाही. मग फोन बनवणाऱ्या इतर कंपन्यांनी जायचे कुठे? म्हणून आयोगाने परवान्याने मिळणाऱ्या प्रणालींचाच बाजार धरला.

तेव्हा टक्केवारी ऐकून आपण लगेच घाबरू नये, आणि निर्धास्तही होऊ नये. दोन गोष्टी विचाराव्यात : छेदात काय धरले आहे, आणि उद्या भाव वाढला तर गिऱ्हाइकाला दुसरे दार आहे का? छेद ठरवणारा बहुतेक वेळा निकालही ठरवून टाकतो.