नवमाध्यमांचे प्राध्यापक आणि परदेशी शिक्षण

व्हिडिओ, उपग्रह, संगणक आणि इंटरनेट यांच्या आधारे घडणारी कला आणि संज्ञापन हा नवमाध्यमांच्या अभ्यासाचा विषय. विद्यापीठांत तो स्वतंत्र नावाने १९९०च्या दशकात स्थिरावला. तो शिकवणारी माणसे मात्र त्याआधी अर्धशतकापासून तयार होत होती. त्यांतल्या अनेकांचे शिक्षण मायदेशाबाहेर झाले. ध्वनिनिर्मितीचे संच, दूरचित्रवाणीची उपकरणे, मोठे संगणक ही साधने महाग होती आणि जगात मोजक्याच ठिकाणी उपलब्ध होती. ज्याला ती हाताळायची असत त्याला तिथे जावे लागे. साधने स्वस्त झाली तसे परदेशी जाण्याचे प्रयोजनही बदलले. या विषयाच्या अध्यापकवर्गाचा इतिहास म्हणजे मुख्यतः या बदलाचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात निर्वासितांपासून होते. हंगेरीचा लास्लो मोहोली-नॉज १९२३ ते १९२८ या काळात जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत शिकवत होता. छायाचित्र, चित्रपट आणि विजेचा प्रकाश यांना त्याने रंग आणि दगडाच्या बरोबरीचे कलासाहित्य मानले. नाझी राजवटीत १९३३ साली बाउहाउस बंद पडले. १९३७ मध्ये मोहोली-नॉजने शिकागोत ‘न्यू बाउहाउस’ सुरू केले आणि प्रकाश व रंग यांचा विभाग ग्यॉर्गी केपेश या आपल्या देशबांधवाकडे सोपवला. पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एमआयटीत, अध्यापन करताना केपेशने १९६७ मध्ये ‘प्रगत दृश्य-अध्ययन केंद्र’ स्थापन केले. कलावंताला अभियंत्यांच्या शेजारी बसून काम करण्यासाठी तिथे अधिछात्रवृत्ती मिळे. जर्मन कलावंत ओटो पीने अशाच अधिछात्रवृत्तीवर तिथे गेला आणि १९७४ पासून केंद्राचा संचालक झाला.

महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीतही अशी ठिकाणे उभी राहिली. कोलोनच्या नभोवाणी केंद्रात १९५१ मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ निघाला. डार्मश्टाट येथे दर उन्हाळ्यात नव्या संगीताचे वर्ग भरत. उल्म येथील अभिकल्प महाविद्यालयाने १९५३ ते १९६८ या पंधरा वर्षांत संज्ञापन, चित्रपट आणि माहितीशास्त्र यांची अभिकल्पाशी सांगड घातली. स्टुटगार्टमध्ये तत्त्वज्ञ माक्स बेन्झे सौंदर्यशास्त्राला गणिती पायावर उभे करू पाहत होता. त्याच्याच प्रभावळीतील गेओर्ग नेस आणि फ्रीडर नाके यांनी १९६५ मध्ये संगणकाने काढलेली चित्रे प्रदर्शित केली. त्या वर्तुळात संगणकाला आज्ञावली देणारा गणितज्ञ आणि कलेची चिकित्सा करणारा तत्त्वज्ञ एकमेकांशी बोलू शकत होते. नाके नंतर कॅनडात टोरोंटो आणि व्हँकुव्हर येथे राहिला आणि १९७२ मध्ये ब्रेमेन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून परतला.

या काळाचे सर्वांत ठळक उदाहरण नाम जून पैकचे. सोल येथे १९३२ मध्ये जन्मलेल्या पैकने टोकियो विद्यापीठात सौंदर्यशास्त्राचा अभ्यास केला आणि १९५६ मध्ये संगीत शिकण्यासाठी तो जर्मनीत आला. फ्रायबुर्ग येथे त्याने वोल्फगांग फोर्टनरकडे संगीतरचनेचे शिक्षण घेतले. १९५८ मध्ये डार्मश्टाट येथे प्रयोगशील अमेरिकी संगीतकार जॉन केजशी त्याची भेट झाली आणि त्याच्या कामाची दिशा पालटली. कोलोनच्या स्टुडिओत वावरताना त्याचे लक्ष ध्वनीकडून दूरचित्रवाणीकडे वळले. १९६३ मध्ये वुपर्टाल येथील एका कलादालनात त्याने दूरचित्रवाणी संचांत फेरफार करून प्रदर्शन मांडले. पुढच्याच वर्षी तो न्यूयॉर्कला गेला. १९७९ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीने त्याला प्राध्यापकपद दिले. व्हिडिओ-कलेची पदवी त्याच्याकडे नव्हती. त्याचे प्रयोग हीच त्याची पात्रता ठरली. संगीत शिकायला आलेला परदेशी विद्यार्थी तेवीस वर्षांनी एका नव्या विषयाचा अध्यापक झाला होता.

याच जर्मन परंपरेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. सर ज. जी. कला महाविद्यालयाचे विद्यार्थी सुधाकर नाडकर्णी १९६०च्या दशकात उल्म येथे शिकले. १९६९ मध्ये पवई येथील आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले, ते त्यांच्या पुढाकाराने. पुढे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी तिथे अध्यापन केले. देवनागरी अक्षरांना संगणकावर आणण्याच्या कामात त्यांचा वाटा मोठा आहे. ॲनिमेशन आणि इंटरॅक्शन डिझाइन हे अभ्यासक्रमही या केंद्रात आले. त्याच १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर याने मूग सिंथेसायझर हा इलेक्ट्रॉनिक ध्वनिनिर्मितीचा संच बसवला होता, पण तो स्टुडिओ काही वर्षांतच थंडावला. नुसते यंत्र आणून विषय रुजत नाही. शिकवणारा माणूस, अभ्यासक्रम आणि संस्थेचा दीर्घ पाठिंबा यांची जोड लागते, आणि ती पवईत मिळाली.

१९७०च्या दशकाअखेर ओघ अमेरिकेकडे वळला. १९७९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात संवादी दूरसंज्ञापनाचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याची जडणघडण कॅनडात जन्मलेल्या रेड बर्न्स यांनी केली. एमआयटीत निकोलस नेग्रोपॉण्टे याच्या १९६७च्या ‘आर्किटेक्चर मशीन’ गटातून १९८५ मध्ये मीडिया लॅब उभी राहिली. प्रवास उलट्या दिशेनेही होत होता. एमआयटीत अभियांत्रिकी शिकलेला जॉन माएदा डॉक्टरेटसाठी जपानमधील त्सुकुबा विद्यापीठात गेला, तिथल्या अभिकल्प परंपरेत तयार झाला आणि १९९६ मध्ये मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झाला. त्याच्या केसी रीस आणि बेन फ्राय या विद्यार्थ्यांनी २००१ मध्ये ‘प्रोसेसिंग’ ही मोफत आज्ञावली-भाषा काढली. एकेकाळी प्रयोगशाळेतच शक्य असलेली रेखाटने त्यामुळे घरच्या संगणकावर करता येऊ लागली.

जर्मनीने मधल्या काळात या विषयासाठी स्वतंत्र संस्था उभारल्या. कार्ल्सरूहे येथील कला व माध्यम केंद्राची स्थापना १९८९ ची, कोलोनच्या माध्यम-कला अकादमीची १९९० ची. त्यांचे अध्यापक आणि संचालक जगभरातून आले. मेलबर्नचा जेफ्री शॉ मिलान आणि लंडन येथे शिकला होता. कार्ल्सरूहेच्या दृश्यमाध्यम संस्थेचा तो पहिला संचालक झाला आणि पुढे सिडनी व हाँगकाँग येथे त्याने अध्यापन केले. कलेच्या प्राध्यापकपदासाठी डॉक्टरेटची सक्ती नसल्याने अशा प्रयोगशील व्यक्तींना जागा मिळू शकली.

संगणक घरोघर पोचल्यावर मात्र नव्या पात्रतेची मागणी वाढली. यंत्र चालवता येणे पुरेसे राहिले नाही. माध्यमाचा इतिहास आणि सिद्धांत मांडता येणे आवश्यक झाले. मॉस्कोत जन्मलेला लेव मॅनोविच १९८१ मध्ये न्यूयॉर्कला आला, न्यूयॉर्क विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्र शिकला आणि १९९३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातून दृश्य व सांस्कृतिक अभ्यासात डॉक्टरेट घेऊन कॅलिफोर्नियात प्राध्यापक झाला. त्याचा ‘द लँग्वेज ऑफ न्यू मीडिया’ हा ग्रंथ २००१ मध्ये आला आणि अनेक देशांतील अभ्यासक्रमांचा आधार बनला. कॅनडाच्या वेंडी चुन यांनी वॉटर्लू विद्यापीठात अभियांत्रिकी व इंग्रजी साहित्य असे दोन्ही विषय घेतले, अमेरिकेत प्रिन्स्टन येथे डॉक्टरेट केली, ब्राउन विद्यापीठात शिकवले आणि २०१८ मध्ये मायदेशी परतून सायमन फ्रेझर विद्यापीठातील नवमाध्यमांचे संशोधन-अध्यासन स्वीकारले. कलानिर्मितीलाच संशोधन मानणारी डॉक्टरेटही याच काळात रूढ झाली. ब्रिटनमध्ये रॉय अ‍ॅस्कॉट याने १९९४ मध्ये न्यूपोर्ट येथे त्यासाठी केंद्र उघडले होते.

त्यामुळे आज या पदाकडे जाणाऱ्या दोन वाटा दिसतात. कलानिर्मिती शिकवणाऱ्यासाठी अमेरिकेत ललित कलांची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमएफए, आणि स्वतःच्या कामाची भरीव शिदोरी यांना मान आहे. इतिहास किंवा सिद्धांत शिकवायचा असेल तर पीएचडी लागतेच. भारतात विद्यापीठीय अध्यापनाचे नियम नेट परीक्षा आणि पीएचडी यांच्याभोवती बांधलेले असल्याने एमएफए घेऊन परतणाऱ्याला त्या पदवीचे वजन पटवून द्यावे लागते. पीएचडीची सोय आता पवईच्या केंद्रातही आहे आणि लागणारी बहुतेक साधने विद्यार्थ्याच्या पाठपिशवीत मावतात. परदेशी जाण्याची कारणे आता वेगळी आहेत : एखादा विशिष्ट मार्गदर्शक, कार्ल्सरूहेसारख्या ठिकाणी जपलेला जुन्या माध्यमकृतींचा संग्रह आणि निरनिराळ्या विद्याशाखांतून आलेल्या सहाध्यायांची सोबत.