मंडळी कोणाची?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी जेव्हा माझ्याकडे विषय मागितला, तेव्हा त्यांना वाटले असावे की मी किमान वेतनावर किंवा खाणकामगारांच्या इतिहासावर बोलेन. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या दाराशी आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. अशा माणसाने संगीत नाटकावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण ज्या प्रश्नाने मला तीस वर्षे छळले, त्याचे उत्तर शोधता शोधता मी नाटकमंडळ्यांच्या इतिहासापाशी येऊन पोहोचलो. तो प्रश्न असा : ज्याच्या आवाजावर सगळी मंडळी उभी असते, तो माणूस एके दिवशी उठून वेगळा झाला, तर मंडळी कोणाची उरते? आणि फुटलेली मंडळी पुन्हा एक होते काय?

आपण झाडीपट्टीतली माणसे आहोत, तेव्हा नाटकमंडळी म्हणजे काय हे आपल्याला सांगावे लागत नाही. धानाची कापणी झाली, दिवाळी सरली, की वडसा-देसाईगंजच्या मंडळ्यांचे नाटक गावोगाव लागते आणि होळीपर्यंत रात्री जागत्या राहतात. लहानपणी बंडीत तणस पसरून आम्ही नाटकाला जात असू. पहाटेपर्यंत ऑर्गन आणि तबला चाले. २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रात्रींची दिल्लीने दखल घेतली असे मला वाटले. पण त्या वयातही मी ऐकत असे, की अमुक गाणारा मागल्या वर्षीच्या मंडळीत नाही, त्याने आपली निराळी काढली. लोक मग विचारीत, 'नाटक कोणाचं पाहाचं? मंडळीचं का त्याचं?'

हाच प्रश्न १९१३ साली साऱ्या महाराष्ट्राने विचारला होता.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीचा जन्म झाला. अण्णासाहेब १८८५ साली वारले. संस्थापक गेला म्हणजे संस्था बुडते, असा आपला अनुभव असतो. पण ही मंडळी बुडाली नाही. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यावर ती आणखी पंधरा-सोळा वर्षे चालली. १९०१ साली भाऊराव गेले, तेव्हा लोकांनी पुन्हा हळहळून म्हटले की आता संपले. नानासाहेब जोगळेकर पुढे आले, आणि १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा मंडळीत दाखल झाला. तेच आपले बालगंधर्व. १९११ च्या मार्चमध्ये खाडिलकरांचे 'मानापमान' लागले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, लक्ष्मीधर गणपतराव बोडसांचा, भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर जोगळेकरांचा. याच वर्षी जोगळेकर वारले आणि व्यवस्थापक शंकरराव मुजुमदार व ही कलावंत मंडळी यांच्यात बिनसत गेले.

दोन वर्षांनी, १९१३ च्या जुलैत, बालगंधर्व, टेंबे आणि बोडस बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. लक्षात घ्या, हे तिघे भागीदार म्हणून निघाले होते. एक गाणारा, एक चाली देणारा, एक गद्य भूमिकांचा बादशहा. कामगार चळवळीतल्या माणसाला ही घटना फार जवळची वाटते. ज्यांच्या घामावर कंपनी चालते, त्यांनीच कंपनीचे मालक व्हावे, हा विचार त्यात होता.

पण भागीदारी टिकली नाही. टेंबे काही वर्षांतच वेगळे झाले आणि त्यांनी शिवराज मंडळी काढली. बोडसांनी १९१९ साली गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त सुधाकर उभा केला, समोर बालगंधर्वांची सिंधू होती. पुढे तेही गेले. मागे एकटे नारायणराव मालक राहिले. मालकाविरुद्ध निघालेली मंडळी अखेर एका मालकाची झाली. यात कोणी दुष्ट नव्हते. प्रेक्षक ज्याच्यासाठी तिकीट काढतो, त्याच्याभोवतीच सारे फिरू लागते. नाटके त्याच्यासाठी लिहिली जातात, पडदे आणि शालू त्याला शोभतील असे घेतले जातात, आणि कर्जही त्याच्याच नावावर चढते. बालगंधर्वांनी वैभवाला हात आखडला नाही आणि कर्जाच्या फेऱ्यातून ते पुरते सुटले नाहीत.

तिकडे किर्लोस्कर मंडळीचे काय झाले? १९१४ साली दीनानाथ मंगेशकर तिच्यात आले. चारच वर्षांनी तेही चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडले आणि बलवंत संगीत मंडळी निघाली. एकदा फुटण्याची वाट पडली, की पुढच्याला ती सोपी जाते.

आता एका रात्रीची गोष्ट सांगतो. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी देशभर एक कोटी रुपये जमविण्याचे काम चालू होते. त्या वेळी बालगंधर्वांच्या तोडीचा गायक नट म्हणजे ललितकलादर्शचे केशवराव भोसले. हे केशवरावही पूर्वी स्वदेशहितचिंतक मंडळी सोडून निघालेले आणि १९०८ साली हुबळीस आपली मंडळी स्थापन केलेले. दोघांचे चाहते एकमेकांशी हमरीतुमरीवर येत. अशा या दोघांनी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात एकत्र 'मानापमान' केले. केशवराव धैर्यधर, नारायणराव भामिनी. पुढच्या खुर्चीचा दर शंभर रुपये होता, आणि त्या काळचे शंभर म्हणजे गिरणीतल्या कामगाराचा कित्येक महिन्यांचा पगार. तरीही जागा अपुरी पडली.

त्या रात्रीनंतर लोकांना आशा वाटू लागली, की दोघे नेहमीसाठी एकत्र आले तर काय होईल! पण ४ ऑक्टोबरला, तीन महिन्यांच्या आत, केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघे एकतीस.

इथे मी आपणांस थोडे थांबवितो. केशवराव गेले, पण ललितकलादर्श चालू राहिली. बापूराव पेंढारकरांनी ती हाती घेतली, मामा वरेरकरांकडून 'सत्तेचे गुलाम' यासारखी नव्या विचारांची नाटके घेतली आणि १९३७ मध्ये बापूरावही गेल्यावर पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी तिला उभे केले. गंधर्व मंडळीत मात्र दुसरा गंधर्व कोणी होऊ शकत नव्हता, आणि तसा तयार व्हावा अशी सोयही नव्हती.

१९३१ साली बोलपट आला. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र झाले ते जुने भागीदार टेंबेच. मंडळीतले विनायकबुवा पटवर्धन त्याच वर्षी पुण्यात गायन विद्यालय काढून बसले. मास्टर कृष्णराव 'प्रभात'कडे गेले. अखेर नारायणरावांनीही 'प्रभात'शी करार केला आणि १९३५ च्या 'धर्मात्मा'त संत एकनाथ झाले. जन्मभर शालू नेसून हजारोंना मोहविलेला हा नट कॅमेऱ्यासमोर रमला नाही. तिथे टाळ्या नव्हत्या, 'वन्स मोअर' नव्हता. चित्रपट सोडून ते पुन्हा मंडळी जमवायला निघाले.

हे जमविणे पाहिले की माझे मन गलबलते. सोबतच्या माणसांनी आपापली घरे मांडली होती. वैर कोणाचे नव्हते. बोडसांचे 'माझी भूमिका' हे आत्मचरित्र वाचा, जुन्या दिवसांवरचे प्रेम त्यात दिसेल. पण प्रेम असणे वेगळे आणि पुन्हा बिऱ्हाड पाठीवर घेणे वेगळे. नवी माणसे आली, गोहरबाई कर्नाटकी आल्या, नाव तेच राहिले. १९१३ ची मंडळी मात्र परत आली नाही. सन्मान आले. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले आणि पुढल्या वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उघडले.

दूरच्या देशातही असेच घडते. इंग्लंडातल्या बीटल्स या चौघांचे वाद्यवृंद १९७० साली फुटले. प्रत्येकाने स्वतंत्र गाणी केली, नाव मिळविले. पण जग दहा वर्षे विचारीत राहिले, 'पुन्हा एकत्र कधी येणार?' डिसेंबर १९८० मध्ये जॉन लेननचा खून झाला आणि विचारणेच संपले.

आता माझे सांगतो. तीस वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका कारखान्यात आमची युनियन होती. आमचे पुढारी बोलू लागले की पाळी सुटलेला माणूस घरी जाणे विसरे. ते वेगळे झाले, त्यांनी नवी युनियन काढली. त्यांच्याविरुद्धचे पत्रक मी लिहिले, आणि ते चांगले लिहिले याचा मला तेव्हा अभिमान होता. पुढे कामगार कपातीच्या वेळी दोन्ही युनियनचा एक मोर्चा निघाला. एक दिवस आम्ही शेजारी शेजारी चाललो. ते म्हणाले, 'बाबू, एकदा घरी ये, बसून बोलू.' मी 'येतो' म्हणालो. गेलो नाही. पुढच्या पावसाळ्यात ते वारले. कपात झाली ती झालीच.

पुष्कळ वर्षे मी त्यांना दोष देत होतो, मग स्वतःला देऊ लागलो. बालगंधर्वांची कथा वाचल्यावर तिसरे काही दिसले. त्यांच्यासारखा दुसरा वक्ता आम्ही दहा वर्षांत तयार केला नाही. सगळ्या सभा त्यांच्याच. सगळी पत्रे त्यांच्याच सहीची. मग ते निघाले तेव्हा अर्धी युनियन त्यांच्याबरोबर निघाली, यात नवल ते काय! किर्लोस्कर मंडळी तीन मृत्यू पचवून उभी राहिली, कारण दर वेळी पुढे येणारा कोणीतरी तिच्यातच वाढत होता. ललितकलादर्श टिकली तीही त्यामुळेच.

म्हणून आता आमच्या सभेत शेवटचे भाषण मी करीत नाही. पंचविशीतल्या एका पोरीला ते करायला लावतो. ती अडखळते, लोक चुळबुळ करतात, माझे हात शिवशिवतात. मी गप्प बसतो. आणि आपल्यापैकी कोणाला एखाद्या जुन्या सोबत्याने 'घरी ये' म्हटले असेल, तर हे व्याख्यान संपल्यावर सरळ तिकडे जा. इथल्या चहासाठी थांबू नका.