मुशैरिबला गाडी बदलताना

मी कतारमध्ये, दोह्यात आलो २००९ साली. तिथला मुशैरिब भाग म्हणजे तेव्हा शिंप्यांची, घड्याळजींची आणि पैसे पाठवायच्या एक्स्चेंजची दाटी होती. शुक्रवारी संध्याकाळी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसायची. हिंदी, मल्याळम, नेपाळी, बंगाली एकदम कानावर पडायचं आणि हातात करक चहाचा कागदी कप असायचा. पुढच्याच वर्षी पुनर्बांधणी सुरू झाली. ३१ हेक्टरवर नवं मुशैरिब उभं राहिलं आणि २०१९ मध्ये त्याच्या पोटातून मेट्रो धावू लागली. आता इथे लाल, हिरवा आणि सोनेरी असे तीन मार्ग भेटतात. हिरव्या गाडीने हमद रुग्णालय आणि पुढे एज्युकेशन सिटी गाठता येते, तर लाल गाडीने कतार विद्यापीठ. आम्हा औषधवाल्यांच्या शिकण्याची वाटचाल सांगायला बसलो की हीच स्टेशनं डोळ्यांसमोर येतात.

त्या जुन्या बाजाराच्या कडेला एका फार्मसीत मी नोकरीला होतो. लायसन्ससाठीची प्रोमेट्रिकची परीक्षा दिलेली, पदवीची पडताळणी करणाऱ्या डेटाफ्लोची कागदपत्रं झालेली, लायसन्स हातात. आपल्याला सगळं येतं अशी खात्री होती. नांदेडकडचे एक ड्रायव्हर काका नेहमी यायचे. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू होतं. एकदा ते पाय सुजल्याची तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेले आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. मी गोळी दिली. महिन्याने पुन्हा दिली. तिसऱ्या वेळी, कोण जाणे का, मी विचारलं, "काका, गावाकडची काही औषधं घेता का?"

"घेतो की. बायकोनं सहा महिन्यांची बांधून दिलीत. टाकून कशी द्यायची?"

पुडी उघडली तर त्यातही अ‍ॅम्लोडिपिनच. नाव वेगळं, कंपनी वेगळी, गोळीचा रंग वेगळा. काका रोज दुप्पट डोस घेत होते. पाय सुजणं हा त्या औषधाचाच ओळखीचा दुष्परिणाम. डोस वाढला की सूजही वाढते. सूज उतरवायला दुसरं औषध आलं आणि त्या औषधाने काकांना चक्कर येऊ लागली. चूक एकट्या डॉक्टरची नव्हती. दोन महिने ती चिठ्ठी माझ्या हाताखालून गेली होती आणि तो प्रश्न विचारायचं माझं काम मी केलं नव्हतं. पदवीच्या चार वर्षांत अ‍ॅम्लोडिपिनची रासायनिक रचना मी पाठ केली होती. समोरच्या माणसाची पुडी उघडून बघायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा कतारमधले जवळजवळ सगळेच फार्मासिस्ट बाहेर शिकून आलेले होते: इजिप्त, सुदान, जॉर्डन, फिलिपिन्स आणि आपल्याकडचे. १९७९ मध्ये हमद मेडिकल कॉर्पोरेशन स्थापन झालं, रुग्णालयं वाढत गेली, पण औषधनिर्माणशास्त्राचं स्वतःचं महाविद्यालय देशाला मिळालं ते २००७ मध्ये, कतार विद्यापीठात. सुरुवातीला तिथे फक्त मुलींना प्रवेश होता. पहिली तुकडी २०११ ला बाहेर पडली. महाविद्यालयाने कॅनडाच्या फार्मसी शिक्षणाच्या मान्यता मंडळाची कसोटी स्वीकारली आणि कॅनडाबाहेर त्या मंडळाची मान्यता मिळवणारं ते पहिलं ठरलं. मला महत्त्वाची वाटते ती त्यामागची दिशा. कॅनडाच्या धर्तीचा अभ्यासक्रम म्हणजे गोळीच्या कारखान्यापेक्षा रुग्णाच्या खाटेजवळचं शिक्षण. कुणाला, कशासाठी, किती दिवस आणि कधी थांबवायचं, हे त्यात आधी येतं.

आमच्यासारख्या नोकरदारांना या महाविद्यालयाचा उपयोग दोन वाटांनी झाला. एक म्हणजे काम सांभाळून करता येणारी फार्म-डी ही पदवी. दुसरी म्हणजे काम करणाऱ्या फार्मासिस्टांसाठी सुरू झालेला सातत्यपूर्ण व्यावसायिक शिक्षणाचा उपक्रम. मी दुसऱ्या वाटेने गेलो.

मग आली या शिक्षणाची सक्ती. २०१३ च्या अमिरी हुकमाने कतारमधल्या सगळ्या आरोग्य व्यावसायिकांसाठी एक परिषद नेमली गेली. क्यूसीएचपी हे तिचं आमच्या तोंडी बसलेलं नाव; पुढे तिचं काम आरोग्य मंत्रालयाच्या विभागाकडे आलं. सरकारी असो की खासगी, डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य, फार्मासिस्ट सगळे तिच्या कक्षेत. २०१६ पासून शिक्षणाची राष्ट्रीय चौकट लागू झाली: दोन वर्षांचं चक्र, त्यात क्रेडिट जमवायचे आणि लायसन्सचं नूतनीकरण त्याच्याशी जोडलेलं. सुरुवातीला सगळ्यांनीच कपाळाला आठ्या घातल्या. आठवड्याची एकुलती सुटी, त्यात सभागृहात बसायचं कोणी?

पण त्या चौकटीत एक शहाणपण होतं. क्रेडिटचे तीन प्रकार केलेले होते: पहिला मान्यताप्राप्त गटशिक्षणाचा, दुसरा स्वतः वाचून-शोधून शिकण्याचा आणि तिसरा स्वतःच्या कामाच्या मूल्यमापनाचा. भारतात वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनेही डॉक्टरांना पाच वर्षांत ३० तास शिक्षण सांगितलं आहे आणि २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी फार्मासिस्टला पाच वर्षांत किमान दोन उजळणी वर्ग. पण आपल्याकडे मोजले जातात ते तास. तास भरले म्हणजे चिठ्ठी सुधारली असं होत नाही. आपल्या चिठ्ठ्यांचं परीक्षण करून निकाल आपल्यालाच दाखवला तर काय होतं, यावरच्या १४० अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१२ मध्ये आला. त्यात अपेक्षित पद्धतीचं पालन मध्यमानाने ४.३ टक्के अंकांनी वाढलेलं दिसतं. आकडा लहान आहे, पण रोज शेकडो चिठ्ठ्या लिहिल्या जातात तिथे तो लहान राहत नाही. म्हणून तिसरा प्रकार मला या चौकटीचा प्राण वाटतो. सगळ्यात टाळला जातो तोही तोच, कारण त्यात स्वतःकडे बघावं लागतं.

आपल्या घरची स्थितीही डोळ्यांआड करायला नको. ज्येष्ठ औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या पुढाकाराने आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशातल्या १३ मोठ्या रुग्णालयांतल्या ४,८३८ चिठ्ठ्या तपासल्या. जवळजवळ निम्म्यांमध्ये मार्गदर्शक सूचनांपासून फारकत होती आणि ४७५ चिठ्ठ्यांतली फारकत मुळीच न चालण्यासारखी होती. त्यात पुढे होतं पँटोप्राझोल, आपली 'गॅसची गोळी'. ही मोठ्या शिक्षणसंस्थांची रुग्णालयं होती, कोपऱ्यावरचे दवाखाने नव्हेत. याच प्रयत्नातून नव्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिण्याच्या कौशल्याचा ऑनलाइन अभ्यासक्रमही तयार झाला.

पाया मात्र सगळीकडे एकच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये चांगल्या औषधयोजनेची मार्गदर्शिका काढली. त्यातल्या पायऱ्या सहा: रुग्णाची अडचण नेमकी ठरवा, उपचारातून काय साधायचं ते ठरवा, आपलं नेहमीचं औषध या रुग्णाला चालेल का ते तपासा, उपचार सुरू करा, समजावून सांगा, लक्ष ठेवा आणि गरज संपली की थांबवा. चिठ्ठीवर पेन टेकतं ते चौथ्या पायरीला. काकांच्या बाबतीत आम्ही सगळ्यांनी फक्त तीच एक पायरी केली होती.

या सक्तीच्या शिक्षणातल्या ज्या कार्यशाळेने मला बदललं तिच्यात टेबलं गोल मांडलेली होती. एका टेबलाला एक डॉक्टर, एक परिचारिका, दोन फार्मासिस्ट. विषय होता रमजान. मधुमेही माणूस रोजा धरणारच, असं मनाशी धरून चालायचं. मग गोळ्या कशा हलवायच्या? मेटफॉर्मिन संध्याकाळच्या इफ्तार आणि पहाटेच्या सहूरच्या वेळेला वाटता येतं. सल्फोनिलयुरिया दिवसातून दोनदा असेल, तर पहाटेचा डोस कमी करायचा, नाहीतर दुपारी उन्हात साखर घसरते. डॉक्टरांनी डोस सांगितला. परिचारिका म्हणाली, बांधकामावरचा माणूस सहूरला उठतच नाही, रात्री बाराला जेवून झोपतो. टेबल क्षणभर गप्प झालं आणि सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागला. अशी माहिती कुठल्याही पुस्तकात नसते. ती त्या माणसाला रोज भेटणाऱ्याकडेच असते. म्हणून डॉक्टरांचं वेगळं आणि फार्मासिस्टांचं वेगळं असं चिठ्ठीचं शिक्षण मला आता अपुरं वाटतं.

कतार विद्यापीठाच्या त्याच औषधनिर्माण महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये आणखी एक काम प्रसिद्ध केलं. वाचता न येणाऱ्या परदेशी कामगारांसाठी त्यांनी औषधाच्या लेबलवर चित्रं वापरून पाहिली. नुसत्या चित्रांपेक्षा किंवा नुसत्या लिहिलेल्या-बोललेल्या सूचनांपेक्षा, चित्र आणि सोबत तोंडी सांगणं हे जास्त उपयोगी पडलं. मी हे वाचलं आणि काउंटरवर उगवत्या सूर्याचं आणि चंद्राचं चित्र ठेवायला लागलो. गोळी हातात द्यायची, चित्रावर बोट ठेवायचं आणि रुग्णाकडूनच वदवून घ्यायचं.

कोविडच्या काळात वर्ग पडद्यावर गेले. क्रेडिट मिळत राहिले, पण ती गोल टेबलं मिळाली नाहीत आणि त्यांची उणीव मला फार जाणवली.

आता महिन्यातून एकदा मी माझ्या हाताखालून गेलेल्या वीस चिठ्ठ्या काढतो. प्रत्येकीपुढे तीनच रकाने करतो: हे औषध कशासाठी, कधी थांबायचं, आणि घरी आणखी काय चालू आहे हे विचारलं का. गेल्या महिन्यात तिसरा रकाना सात ठिकाणी कोरा निघाला. येत्या शनिवारी ते सात कोरे रकाने घेऊन मी मुशैरिबला लाल गाडीत बसून विद्यापीठातल्या गोल टेबलाकडे जाणार आहे. त्या टेबलावरच्या डॉक्टरांनाही आपले वीस कागद आणायला सांगितलं आहे.